अर्नाळ्याच्या रेतीवरचा नाच

माझे वडील गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. घरात त्यांचा एकच फोटो, लग्नातला, मुंडावळ्यांनी अर्धा चेहरा झाकलेला. ते चालायचे कसे, हसायचे कसे, मला काही आठवत नाही. आई मात्र सांगायची, "तुजा बापूस पिक्चरमदी हाय." अर्नाळ्याच्या सुरूच्या बनात मुंबईची मंडळी शूटिंगला आली होती आणि आमच्या निर्मळमधले केळीच्या वाड्यांत राबणारे पाच-सहा तरुण त्यांनी नाचायला नेले होते. सिनेमाचं नाव आईला ठाऊक नव्हतं. मी तो जन्मभर शोधला.

सापडला तो निवृत्तीनंतर, फुलपाड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, मोबाइलवर. कृष्णधवल हिंदी सिनेमा. नायक वाट चुकून जंगलात शिरतो, 'जंगली' लोक त्याला खांबाला बांधून भोवती नाचतात. अंगाला काळा रंग, कमरेला पाला, डोक्याला पिसं, आणि तोंडावर हात आपटत हू-हू ओरडणं. नायकाचा विनोदी मित्र त्यांना काळी माकडं म्हणतो. त्यांतला डावीकडून तिसरा माणूस मान जराशी कलती ठेवून नाचतो, अगदी माझ्या मुलासारखी. तो माझा बाप. जेमतेम अकरा सेकंद. कित्येक महिने मी ती रोज संध्याकाळी बघत होते.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात महिन्यातून एका रविवारी दुपारी जुना सिनेमा दाखवतात. निवड माझ्याकडे आली तेव्हा मी हाच सुचवला. मला वडील मोठे बघायचे होते, भिंतीएवढे.

माझी सून जव्हारकडची, वारली. इथल्या शाळेत शिकवते. मी घरी सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"आई, तो नाही दाखवला तर?"

"का गं?"

"मी पाड्यावरून तालुक्याच्या शाळेत आले ना, तेव्हा वर्गातली मुलं मला बघून तोंडावर हात आपटायची. हू-हू करायची. आमच्यात कुणी असं ओरडत नाही. तारपा वाजतो तेव्हा माणसं एकमेकांच्या कमरेला धरून गोल फिरतात. मग मुलांनी हे उचललं कुठून?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. "त्यात माझे वडील आहेत," मी म्हटलं.

"माहीत आहे. म्हणून तर इतके दिवस बोलले नाही. तुम्ही मोबाइल घेऊन बसलात की मी आत निघून जायची."

ती आत जाते हे मला दिसायचं. मला वाटायचं, स्वयंपाकाला जाते.

मंडळाच्या सेक्रेटरींना सुनेचं म्हणणं सांगितलं तर ते म्हणाले, "एवढं काय त्यात? तेवढा नाच कापून टाकू." म्हणजे वडीलच कापायचे. घरी येऊन मी ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी सूनच जवळ येऊन बसली.

"कापू नका, आई. कापला तर असं कुणी केलंच नव्हतं, असं होईल. दाखवा. पण आधी उभ्या राहून सांगा, ही नाचणारी माणसं कोण होती आणि कुणाची नक्कल करत होती."

"तूच सांग ना."

"मी का? सिनेमा तुम्ही दाखवताय."

रविवारी मी उभी राहिले. म्हटलं, हे नाचणारे आपल्या निर्मळचे वाडीवाले, त्यांत माझे वडील. ज्यांची ही टिंगल आहे, त्यांच्यातली एक मुलगी माझ्या घरात आहे, आणि या हू-हूनं तिचं लहानपण नासलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पिक्चर बघायला आलोय, भाषण नको." नाच सुरू झाल्यावर काही जण हसलेच.

माझी म्हातारी आई पुढच्या रांगेत होती. तिला आता नीट दिसत नाही, मोबाइलवरचं तर काहीच नाही. "कोनता गो?" तिनं विचारलं. माझी सून उठून तिच्या खुर्चीशी बसली आणि बोट दाखवलं. "तो बघा आजी, डावीकडून तिसरा."

आई पुढे वाकली. "तो नाचत नाय," ती मोठ्यानं म्हणाली. "दुपारची रेती हाय. अनवानी पायाला चटकं बसतात त्याच्या."

मी ते शंभर वेळा पाहिलं असेल. पायांकडे एकदाही बघितलं नव्हतं.

परतताना रिक्षात आई आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. ती आपणहून बोलायला लागली. "त्या दिशी तो तसाच रंगलेला घरी आला. तू त्याला बगून जी रडली! त्यानं तेल लावून, पानी तापवून, घासून घासून रंग काडला, तरी तू जवल जाईना. वट्यावर बसून बोलत व्हता, माजी पोर मला वलखत नाय."

"मग? कधी गेले मी त्याच्याकडे?"

"दुसऱ्या दिशी सकाली. केलींना पानी सोडाया निगाला, तवा खांद्यावर घेतला तुला."

पुढच्या महिन्यात मंडळानं निवड दुसऱ्या कुणाकडे दिली. ती अकरा सेकंद मी आता क्वचितच लावते. त्याऐवजी संध्याकाळी डोळे मिटून बसते आणि त्या खांद्यावरून वाडी कशी दिसली असेल, केळीची पानं माझ्या डोक्याला लागली असतील का, ते आठवू बघते. अजून काही दिसलेलं नाही.