मांडीचं कातडं गळ्यावर

स्टोचा भडका उडाला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. जीव वाचला, पण भाजलेला गळा असा आकसला की हनुवटी छातीला टेकली. आभाळ बघायचं तर अंगणात उताणं पडायचं, दुसरा इलाज नाही.

बाबा मला मुलुंडहून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरांनी आकसलेला भाग कापून मान मोकळी केली आणि माझ्याच मांडीची पातळ कातडी काढून गळ्यावर बसवली. कातडी धरली. मान वर झाली. वर झाली हो! मला छताचा पंखा दिसला आणि मी ढसाढसा रडले. डॉक्टरांनी बजावलं, "नवी कातडी आकसते. हा प्लास्टरचा पट्टा सहा महिने गळ्यात हवाच. काढलात तर पहिले पाढे पंचावन्न."

पण घरी आमची विधवा आत्या होती. डॉक्टरांच्या वरची डॉक्टर! तिला पहिली चिंता ही, की मांडीचं कातडं गळ्यावर, म्हणजे चारचौघांत उघडं. जसं काही गळ्याकडे बघून आळीतल्या लोकांना माझी मांडी ओळखू येणार होती. दुसरी चिंता लग्नाची. पट्टा घातलेली मुलगी दाखवायची कशी? "आठच दिवस काढ गं, वळ तेवढे जातील." आठ दिवसांनी भांडुपचे आले, मग घाटकोपरचे, मग ठाण्याचे. दरवेळी नवे आठ दिवस. कचेरीत साहेबाला इंग्रजीत सुनावणारे आमचे बाबा बहिणीपुढे शेपूट घालायचे. दीड महिन्यात गळा पुन्हा ओढू लागला. मी सांगितलं, तर आत्या म्हणाली, "नाटकं पुरेत."

मग बोरिवलीचे आले. 'थोडंसं भाजलंय' एवढं आत्याने त्यांना कळवलं होतं. मी गळ्याभोवती पदर लपेटून पोह्यांच्या बश्या नेल्या. हनुवटी खाली ती खालीच. मुलाची आई हरखली. "काय वळण आहे हो! हल्लीच्या मुली कशा टकामका बघतात. हिने एकदाही मान वर केली नाही." मुलगी पसंत! दोन महिने देव पाण्यात घालून बसलेल्या आत्याला गगन ठेंगणं झालं. मला मात्र एकच दिसत होतं. लग्न ठरलं की पुन्हा ऑपरेशन कोण करू देणार? आहे तशीच तर आवडले होते.

"लग्नानंतरही अशीच राहशील ना गं?" बाईंनी लाडाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मी लाजत नाहीये. मान वर होतच नाही. पुन्हा ऑपरेशन करून वर करणार आहे."

मंडळी पोहे टाकून उठली. आत्याने मला कार्टी, कैदाशीण, काय वाटेल ते म्हटलं. दुसऱ्या दिवशी मात्र बाबांनी रजा टाकली आणि मला पुन्हा इस्पितळात नेलं.

या खेपेला दुसऱ्या मांडीचं कातडं लागलं. पट्टा मी वर्षभर घातला, झोपेतसुद्धा. आत्याने दोनदा लपवला, मी दोनदा शोधला.

शेवटी तो सुटला त्या दिवशी मी इस्पितळाच्या पायरीवर उभी राहिले, मान वर केली आणि किती दिवसांनी बाबांकडे सरळ बघितलं. ते चपलांकडे बघत होते.