गुडघे टेकायच्या गाद्या

शिवणबाई,

तुझ्याबद्दल लिहायला बसले आहे. "माझ्यावर काय लिहायचंय गं?" असं तोंडात टाचण्या धरून पुटपुटू नकोस. आधी टाचण्या काढ, एखादी गिळशील. तुझ्याशीच बोलत राहिले तर तू दर वाक्य उसवायला बसशील, म्हणून तुला जरा बाजूला बसवते आणि लोकांनाच सांगते. गप्प ऐक.

तर, आम्ही दोघी शिकवायचो त्या सिस्टरांच्या मुलींच्या शाळेत शुक्रवारची दुपार छंदमंडळांची असे. नेमके त्याच वेळी भिंतीपलीकडच्या चॅपलमध्ये म्हातारे फादर प्रार्थनेला बसत, आणि मोठ्या सिस्टरांचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, हुकूम होता की तिकडे चकार शब्द ऐकू जाता कामा नये. त्यामुळे वादविवाद मंडळ कुजबुजत भांडे, गायन मंडळ तोंड मिटून गुणगुणे आणि नाटकातली राणी मरताना नुसता आ वासे. आता फादरांना कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा कुणीतरी धीर करून ते बोललंही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "फादरांना नसेल येत. देवाला येतं."



अशा शाळेत ड्रमचा बँड शिवणाच्या बाईंच्या गळ्यात पडला. का, तर शुक्रवारी त्या मोकळ्या होत्या आणि 'नाही' हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी बसलाच नव्हता. वर मोठ्या सिस्टरांनी बजावलं, "यंदा शाळांच्या मेळाव्यात नंबर आला नाही तर ड्रम समोरच्या मुलांच्या शाळेला देऊन टाकू. उगाच कपाट अडलंय."

बाईंना आधी वाटलं, बरं झालं, ब्याद टळेल. पण बँडमध्ये आल्या होत्या त्या बाकीच्या मंडळांनी नाकारलेल्या मुली. त्यांतली सगळ्यांत थोराड, तिला सगळे रणगाडा म्हणत, बाईंपुढे येऊन उभी राहिली. नाटकात तिला दरवर्षी झाड करत.

"बाई, ड्रम गेले तर मी परत झाड?"

"नाही गं बाळा," बाई म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा 'नाही' म्हणाल्या आणि फसल्या.

सराव करायचा, पण आवाज करायचा नाही! बाईंनी वर्गात नजर फिरवली. कोपऱ्यात चॅपलमधल्या गुडघे टेकायच्या गाद्यांचा ढीग पडला होता, दुरुस्तीला आलेला. झालं. दर मुलीपुढे एक गादी आणि हातात दोन काठ्या. ताल बाईंना कुठला येणार? त्यांनी आपल्याच भाषेत शिकवला: "धावदोरा, धावदोरा, गाठ! धावदोरा, धावदोरा, गाठ!" पोरी घाम निथळेपर्यंत गाद्या बडवत. शनिवारी बाई गाद्या चॅपलमध्ये नेऊन ठेवत आणि शुक्रवारी "अजून थोडं काम आहे" म्हणून परत आणत.

चार-सहा आठवड्यांनी फादरांच्या नजरेला त्या गाद्या पडल्या. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, त्यांनी एक गादी उंच धरली. गहिवरून म्हणाले, "बघा! दोन खळगे! दर गादीवर शेजारी शेजारी दोन खळगे! आपल्या मुली किती प्रार्थना करतात याची कुणाला कल्पना आहे?"

मोठ्या सिस्टरांनी डोळे पुसले. बाईंनी मान जी खाली घातली ती मिस्सा संपेपर्यंत वर केली नाही, तर शेजारीण कौतुकाने म्हणाली, "किती नम्र हो तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. रडकुंडीला आलेल्या.

"कन्फेशनमध्ये सांगून टाक ना," मी म्हटलं.

"ऐकणार कोण? फादरच! आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा सांगायचं म्हणजे अख्ख्या चॅपलला सांगायचं!"

"मग त्यांच्या खोलीवर जाऊन सांग."

"तू चल बरोबर. तू बोल, मी उभी राहते."

मी हो म्हटलं. मेळावा होऊन जाऊ दे, मग जाऊ, असं ठरलं.

मेळाव्याचा दिवस उजाडला. यंदा तो आमच्याच मैदानावर होता. मुलांचा बँड आधी वाजला. पहिल्या रांगेत फादर सुखाने डुलक्या घेत होते. मग आमच्या मुली उभ्या राहिल्या. आता गादी काही काठी उलट फेकत नाही. तिच्यावर हात चालवायचा तर सुतारासारखा चालवावा लागतो. त्या हातांनी पहिला ठोका पडला मात्र, रणगाड्याच्या मोठ्या ड्रमचं कातडं फाटलं आणि तिचा हात कोपरापर्यंत आत गेला. दुसरीची काठी उडून पाहुण्यांच्या चहात पडली. आपला एवढा आवाज पोरींनी कधी ऐकलाच नव्हता. घाबरून त्या चॅपलच्या दिशेला बघत थिजल्या.

मैदानाच्या कडेवरून शिवणाच्या बाई ओरडल्या. ज्यांचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे, त्या! "अगं, धावदोरा! धावदोरा, धावदोरा, गाठ!"

आणि मग पोरींनी जे बडवलं! रणगाडा एका हाताने ड्रमची लाकडी कड वाजवत राहिली. दुसरा हात आतच अडकला होता. फादर दचकून जागे झाले. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी नीट ऐकू आलं होतं. "गुडघ्यांतलं बळ!" ते मोठ्या सिस्टरांना म्हणाले. "प्रार्थनेचं बळ हातात उतरलंय!"

तिसरा नंबर आला. बँड तीनच होते. पण मोठ्या सिस्टर शब्दाच्या पक्क्या. नंबर म्हणजे नंबर. शिवाय फाटका ड्रम समोरच्या शाळेला नकोच होता. रणगाडा पुन्हा झाड झाली नाही.

बाई, आता तू ये परत. फादरांकडे जायचं होतं, आठवतं? आधी तुझी मशीन बिघडली, मग माझे पेपर तपासायचे होते, मग तू म्हणालीस, "ते इतके खूश आहेत, या आठवड्यात नको." तेवढ्यात त्यांची दूरच्या वृद्धाश्रमात रवानगी झाली. जाताना त्यांनी मुलींची आठवण म्हणून काय मागून नेलं, तर सगळ्यांत खोल खळग्यांची गादी. रणगाड्याची. तूच कडेने नवी झालर लावून दिलीस.

"गुरुवारी तिकडेच जाऊन सांगू या," तू म्हणाली होतीस. कुठल्या गुरुवारी, ते आपण ठरवलंच नाही.