एकोणिसावा रकाना

आमच्या परवाना विभागात तीन खिडक्या होत्या. दुसरीवर मी बसायचो आणि तिसरीवर पेन्सिलबाई. त्यांच्या कानावर कायम एक बुटकी पेन्सिल खोचलेली असे, म्हणून हे नाव. शिंपी, सुतार, चहावाला, कोणीही अर्ज घेऊन आला की बाई चष्म्याच्या वरून एकदा अर्जाकडे आणि एकदा त्याच्या तोंडाकडे बघत. "दुकानाची लांबी-रुंदी काय मी येऊन मोजू?" असं खेकसत, आणि मग त्याला विचारून विचारून स्वतःच सगळं लिहीत. त्यानं फक्त पेन्सिलीवर पेन फिरवायचं. सव्वीस वर्षं बाजारातली निम्मी दुकानं त्या पेन्सिलीवर चालली. आभार मानायचं कोणाला सुचलं नाही, आणि बाईंनीही कधी वाट पाहिली नाही.

मग एका शिंप्याच्या अर्जात त्यांनी गाळा क्रमांक चौदाऐवजी चाळीस लिहिला. माणूस आहे, चुकतो. पण शिंप्याचा परवाना अडकला आणि त्यानं भर कचेरीत हात नाचवत बोंब ठोकली, "मला काय विचारता? या बाईंनी लिहिलंय हे!" रांगेत तेव्हा निदान दहा जण असे होते, ज्यांचे अर्ज बाईंनीच भरले होते. दहाही जण छताचा पंखा बघत उभे राहिले. मीही पंखाच बघत होतो. बाईंना मेमो मिळाला आणि पेन्सिल कानावरून उतरून ड्रॉवरमध्ये गेली.

पुढच्या वर्षी सुधारणा आली. नवे साहेब आले, टोकनचं यंत्र आलं, डोक्यावर कॅमेरा आला. 'परवाना विभाग' ही पाटी उतरली आणि तिथं 'लघुउद्योजक साहाय्य केंद्र' अशी हातभर लांब पाटी चढली. साहेबांनी आमच्याकडून लेखी सूचना मागवल्या. मी लिहिलं, पंखे बदला. बाईंनी लिहिलं, 'अपूर्ण अर्ज त्याच दिवशी बाद करावा. खिडकीत आलेल्या अर्जात कोणीही काही लिहू नये. लोक आपोआप शिकतील.' साहेब हरखून गेले. सूचनेचा नियम झाला, बाईंना प्रशस्तिपत्रक मिळालं, आणि पंखे तसेच कुरकुरत राहिले.

पहिल्याच महिन्यात दोनशे अर्ज बाद झाले. लोक गयावया करायचे, एक म्हातारी खेळणीवाली तर खिडकीशीच फतकल मारून बसली. बाई मान वर करत नसत. खरं सांगतो, त्यांना त्यात गोडी वाटत होती. मेमोचा एकेक शब्द त्या वसूल करत होत्या.

प्रशस्तिपत्रकाला फ्रेम केली त्यांच्या धाकट्या भावानं. कचेरीमागच्या जुन्या ओळीत त्याचं फ्रेमचं दुकान होतं, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढंच. आई लवकर गेली, तेव्हा बाईंनीच त्याला न्हाऊमाखू घालून मोठं केलं होतं. त्याचं लग्न लावलं, स्वतःचं राहून गेलं, आणि आता त्या त्याच्याच घरी राहत. फ्रेमचा कोपरा तो असा जोडायचा की नखसुद्धा शिरू नये. "ताईच्या नियमाचं बक्षीस आहे," म्हणत त्यानं ती काच शर्टाच्या बाहीनं चार वेळा पुसली.

मग ती जुनी ओळ पाडायचं ठरलं. ज्यांचे अर्ज त्या महिन्यात मंजूर होतील, त्यांना नव्या इमारतीत गाळे. बाकीच्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करायचा, म्हणजे गाळे संपल्यावर. धाकट्यानं आठ दिवस खपून अर्ज भरला. ताईला एक अक्षर विचारलं नाही. तिच्यावर ठपका नको.

यंत्रानं त्याला तिसरी खिडकीच दिली. त्याच्यामागे नेमका तोच शिंपी उभा.

"नमस्कार मॅडम," कॅमेऱ्याकडे बघत धाकटा म्हणाला.

बाईंचं बोट रकान्यांवरून सरकत एकोणिसाव्यावर थांबलं. 'या कार्यालयात अर्जदाराचे कोणी नातेवाईक काम करतात काय?' पुढे कोरं.

"हे रिकामं का?"

तो वाकून हळूच म्हणाला, "हो लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, बहिणीनं गाळा दिला. आणि नाही कसं लिहू, ताई? माझ्या हातानं तुला नाही म्हणू? म्हणून सोडला." मग त्यानं खिशातून पेन काढलं. "आता लिहू का?"

शिंप्यानं मान लांब केली. "नियम सगळ्यांना सारखा ना, बाई?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मी पुटपुटलो, "बाई, माझ्याकडे सरकवा तो अर्ज."

"तुमच्याकडे आला म्हणून रकाना भरणार आहे का?" बाई म्हणाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण सुटल्यासारखंच वाटलं.

बाईंनी 'बाद'चा शिक्का मारला. तो नीट उमटला नाही, म्हणून पुन्हा मारला. धाकट्यानं पेन खिशात ठेवलं, अर्जाची घडी घातली आणि तो निघाला. शिंप्याचा अर्ज पूर्ण होता. त्याला रस्त्यालगतचा गाळा मिळाला.

महिन्याभरात ओळ पाडली. धाकट्यानं काच कापायचं टेबल भंगारात दिलं आणि पाट्या लावणाऱ्या एका कंत्राटदाराकडे तो रोजावर जाऊ लागला.

साहेबांनी बाईंचा नियम मोठ्या अक्षरांत छापून सगळ्या कचेऱ्यांत लावायचा हुकूम काढला. आमच्याकडे दुपारी एक माणूस स्टूल, हातोडा आणि फ्रेम घेऊन आला. धाकटाच. फ्रेम कारखान्यातली होती. टांगण्याआधी सवयीनं त्यानं कोपऱ्यावरून नख फिरवलं, ते अख्खं आत गेलं. मग त्यानं तिसऱ्या खिडकीसमोर खिळा ठोकला.

"मॅडम," स्टुलावरूनच त्यानं विचारलं, "सरळ आहे का?"

मी मनात म्हणत होतो, बाई, हो म्हणा आणि त्याला जाऊ द्या. बाईंनी चष्मा वर केला आणि नीट पाहिलं.

"डावी बाजू खाली आहे," त्या म्हणाल्या. "जरा वर घ्या."

त्यानं घेतली. बाईंनी पुढचं टोकन पुकारलं.