गोठ्यातला कप

आज तासावरून आल्यापासून फार हलकं वाटतंय, म्हणून लगेच लिहितोय.

बदनापूरच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. आजच्या अमेरिकन कादंबरीत एका निरपराध काळ्या माणसाला शिक्षा होते आणि गोष्ट सांगणाऱ्या लहान मुलीला त्याचं कारणच कळत नाही. मी दरवर्षीसारखा अमेरिकेतल्या वर्णभेदापाशीच थांबलो. जातीचा विषय काढला की वर्गात भांडणं होतील, ही भीती.

तेवढ्यात केदारखेड्याची एक मुलगी उठली. "सर, आमच्या सालगड्याचा कप गोठ्यात ऱ्हातो. मीच त्यात चहा ओतते. काहून, ते मला बी कोनी सांगितलं न्हाई."

कुणीच भांडलं नाही. मंग मीही सांगून टाकलं, माझे वडील तसल्याच कपात चहा प्यायचे.

तास सुटल्यावर ती म्हणाली, "सर, आमच्या घरी चहाला या. आत, बैठकीत."

मी लगेच हो म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असता?