बारवेतला नारू मी गाळून काढला

आधीच सांगून ठेवते, हसायचं तर शेवटी हसा. मधेच खो खो केलंत तर मी गप्प बसेन, मग चहा पिऊन जा आपापल्या घरी. काय सांगू तुम्हाला, अशी फजिती शत्रूची होऊ नये. माझी झाली, आणि तीसुद्धा साऱ्या वस्तीदेखत!

माझं माहेर इंदापुराकडचं कळस. लग्न करून आले ती बारामतीच्या बाजूला, काटेवाडीजवळच्या एका वस्तीवर. कालव्याचं पाणी होतं, वांगी-मिरच्यांचे मळे होते, माल बारामतीच्या बाजाराला जायचा. पण कालव्याचं पाणी पिकाला. प्यायला पायऱ्यांची बारव. आम्ही बाया पायऱ्या उतरायचो, गुडघाभर पाण्यात उभ्या राहायचो आणि घागर बुडवायचो. त्याच पाण्यातनं यायचा नारू.

तुम्ही नारू बघितला नाही, सुखी आहात. पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि आतनं पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकवायचा. ओढायची सोय नाही! तुटला तर पाय सुजून भोपळा. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा, आणि तोवर माणूस खाटेवर.

मी नांदायला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या ह्यांच्या पायाला नारू निघाला. ऐन मिरचीच्या तोडणीत! आता पाणी कोण आणत होतं? मी. मग खापर कुणावर? माझ्यावरच की!

"ही आली आन् नारू आला," आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उठता-बसता म्हणायच्या. "पुढच्या उन्हाळ्यात ह्या घरात नारू निघाला, तर तुला कळसला धाडते. परत आणायची न्हाय!"

आत्याबाई बोलतील ते करतील अशी बाई. माझी झोप उडाली.

तेवढ्यात शाळेत सरकारी डागदर आले. पोरांना नारूची माहिती सांगणार होते. मास्तरांनी बायकांनाही बोलावलं, म्हणून आम्ही शाळेच्या ओसरीवर दाराआड उभ्या. डागदरांनी बारवेचं पाणी पेल्यात धरलं, वर भिंग धरलं, आणि एकेकाला बघायला लावलं. मीही डोळा लावला. अगं बाई गं! पाण्यात बारकासा जीव टुणटुण उड्या मारतोय. एक डोळा, मागं शेपूट!

"हाच जीव नारू पोटात नेतो," डागदर म्हणाले. "नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून पाणी दुहेरी फडक्यातनं गाळा. आणि दुसरी गोष्ट..."

दुसरी गोष्ट ऐकायच्या आधीच आत्याबाईंनी माझा पदर ओढला. "चल, भाकरी कोण टाकणार? त्यो डागदर?"

आमच्यामागं बाकीच्या बायाही आपापल्या चुलीकडं वळल्या. म्हणजे अर्धं भाषण मी ऐकलं आणि अर्धं भाकरीत गेलं. इथंच घोटाळ्याची बी पडली, ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी गाळायला लागले. फडकं कुठलं? घरातलं सगळ्यात घट्ट विणीचं फडकं म्हणजे ह्यांचं लग्नातलं उपरणं. तेच घेतलं. पेटीत ठेवून त्याची काय पूजा करायची होती?

चार-सहा दिवस काही गवसलं नाही. मग एका पहाटे घागर उपरण्यावर ओतली, आणि काय बघते! नखाएवढे जीव, वळवळ वळवळ! डोळा आहे, शेपूट आहे. भिंगात बघितला होता तोच की! फक्त त्याला एक डोळा होता, ह्याला दोन. मी म्हटलं, तेव्हा पिल्लू होतं. आता वाढलंय, दुसरा डोळा फुटलाय. अजून वाढला की लांब होऊन पायात शिरणार!

शेजारच्या भागूकाकी वाकून बघत म्हणाल्या, "सरू, मासळीच्या पिल्लावानी दिसतंय गं."

"काकी, मी भिगवणचा बाजार बघितलाय," मी ठसक्यात म्हटलं. "मासा हातभर असतो! ह्यो नारू हाय, नारू. डागदरानं दाखवलाय मला."

आमचं घर माळकरी, माहेरही माळकरी. मासा म्हणजे भिगवणला कोळणींच्या पाटीत लांबून दिसलेला, तेवढीच ओळख. पण तोरा बघा!

झालं. भागूकाकींनी चौघींना सांगितलं, चौघींनी वस्तीला, आणि घरोघर पाणी गाळणं सुरू झालं. दुसऱ्या पहाटे बारवेवर ही गर्दी! कुणी जुनं लुगडं आणलं, कुणी धोतर. दोघी दोन टोकं धरून पाण्यात उतरायच्या आणि मी पायरीवर उभी राहून हुकूम सोडायची, "त्या कोपऱ्यात! त्यो बघा मोठा पळाला!" ओरडून घसा कोरडा पडायचा, मग वाकून दोन ओंजळी पाणी प्यायचं आणि पुन्हा ओरडायचं. पुरुषमंडळी बायकांच्या पाणवठ्यावर फिरकत नसत आणि पोरं त्या वेळी अंथरुणात. मग सांगणार कोण?

धरलेले जीव मारले नाहीत. एक तर माळकऱ्याचं घर, आणि दुसरं म्हणजे डागदरांना दाखवायला नकोत? गोठ्यातल्या रांजणात सोडले, वर फळी, फळीवर दगड. जगवायचे म्हणून फटीतनं चिमूटभर भाकरीचा चुरा टाकायची. आणि सांगते काय, आठ-पंधरा दिवसांनी फळी सरकवली तर आत डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी पिल्लं! नारू माझ्या गोठ्यात बाळंत झाला होता! भीतीनं मी आणखी एक दगड ठेवला.

पण आत्याबाई? पहिल्यांदा माझ्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं. "शाळंत न्हाय गेली, पर डोकं हाय पोरीला," भागूकाकींना म्हणाल्या. मी तर हवेतच!

पावसाळा सरला आणि डागदर पुन्हा आले. तडक बारवेवर गेले. वाकून बघतात, टॉर्च मारतात, पुन्हा बघतात. मग शाळेच्या अंगणात येऊन मास्तरांवर तापले.

"मास्तर, मी बारवेत सोडलेले मासे कुठं गेले? पोरांना राखण करायला सांगितलं होतं ना?"

मास्तर पोरांकडं वळले. "गणप्या! तूच गळ टाकून बसतोस पाटावर. भाजून खाल्लेस काय रं?"

"न्हाय मास्तर! आईच्यान न्हाय!"

मास्तरांनी छडी उचललीसुद्धा. पण मासे बिसे माझ्या कानात शिरलंच नाही. डागदर आलेत एवढंच मला कळलं होतं. मी आणि भागूकाकी रांजण उचलून धापा टाकत शाळेच्या अंगणात हजर! मागं आत्याबाई, मागं सगळ्या बाया.

मी फळी काढली आणि पदर सावरून म्हटलं, "घ्या डागदरसाहेब! बारवेतला सगळा नारू धरला. एक ठेवला न्हाय!"

डागदरांनी आत बघितलं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा आत बघितलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे तर माझे मासे. पाण्यातला तो बारका जीव खायला मीच सोडले होते. ती दुसरी गोष्ट सांगितली, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"भाकरी टाकत व्हते," मी म्हटलं.

अंगण असं हसलं, असं हसलं! गणप्या तर लोळला. एकट्या आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. माळकऱ्याच्या गोठ्यात पावसाळाभर मासे पोसले होते ना!

डागदर मात्र भला माणूस. म्हणाले, "मी सोडले त्याहून दुप्पट झालेत. अर्धे बारवेत सोडा, अर्धे दुसऱ्या गावाला नेतो." मासे पुन्हा बारवेत गेले आणि बायांनी पाणी गाळणंही सोडलं नाही.

पुढचा उन्हाळा आला. आत्याबाई रोज ह्यांचे पाय बघायच्या, मामंजींचे बघायच्या, स्वतःचे बघायच्या. कुठं काही नाही. साऱ्या वस्तीत कुणाला नारू नाही! मी म्हटलं, सुटले बाई, कळस टळलं.

आणि एका सकाळी माझ्याच घोट्यावर फोड आला.

डागदरांनी बघून विचारलं, "पाणी गाळून पीत होता ना?"

"घरी व्हय."

"आणि बारवेवर?"

मी तोंड उघडायच्या आत भागूकाकींना आठवलं! "साहेब, ती मासं धरताना ओंजळीनं पीत व्हती की!"

"तेच आत्ता निघालं," डागदर म्हणाले. "पाण्यातनं पायात यायला नारूला वर्ष लागतं."

आत्याबाईंनी मनात हिशेब केला. म्हणजे लेकाचा नारू सून घरात यायच्या आधीचाच! मग माझ्या पायाकडं बघत म्हणाल्या, "कळसला धाडणार व्हते तुला. पर आता चालत कशी जाशील? ऱ्हा हितंच."

झालं! गेल्या उन्हाळ्यात हे पडले होते त्याच खाटेवर मी पडले. पाणी द्यायला आमचे हे, तेही लग्नातल्या उपरण्यातनं गाळून. काडीला पांढरा दोरा गुंडाळता गुंडाळता एक दिवस म्हणतात कसे, "सरू, आता नीट बघून ठेव. ह्याला डोळं न्हाईत, शेपूट न्हाय. ह्याला म्हणत्यात नारू."