गुफराननं काढलेली नोंद

बीडच्या बसस्थानकामागं फकीरभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. खाली ते तांब्याची तार गुंडाळायचे आणि वर माळ्यावर त्यांचा थोरला गुफरान कॉम्प्युटरपुढं बसायचा. प्रोग्राम लिहायला लागतो तो टेक्स्ट एडिटर. जगभर फुकट वाटला जाणारा असा एक एडिटर काही मंडळी हौसेनं सांभाळतात, त्यांतला गुफरान एक. एका प्रोग्रामिंग भाषेच्या ओळी त्यात नीट रंगाव्यात, जागच्या जागी आत सरकाव्यात, हे त्याचं काम. मॅन्युअलच्या शेवटची विषयसूचीही त्याच्याकडेच. पगार नाही, पण मान असा, की नटाला पहिल्या एंट्रीलाच टाळी पडावी.

एकदा एडिटर वापरणाऱ्या सगळ्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चेत अंबाजोगाईच्या राजनंदिनीनं विचारलं, "बऱ्याच ओळी एकदम आत कशा सरकवायच्या? सूचीत 'ओळी सरकवणे' सापडत नाही."

गुफराननं ठोकून दिलं, "सूचीत आहे. आधी मॅन्युअल उघडायची सवय लावा." खाली हसरे चेहरे उमटले.

मग पान दाखवावं म्हणून त्यानं सूची उघडली. नोंद नव्हती! सूची सुटसुटीत करायच्या नादात माणसांच्या तोंडचे शब्द त्यानंच उडवले होते, नुसती एडिटरला द्यायच्या आज्ञांची अधिकृत नावं ठेवली होती. ते नाव ठाऊक असतं, तर बिचारीनं विचारलंच कशाला असतं?

त्यानं गुपचूप नोंद परत घातली. इंटरनेटवरचं मॅन्युअल लगेच बदललं. वाटलं, मिटलं.

पण सोमनाथ नावाच्या एका जुन्या जाणकारानं त्याच नोंदीचा फोटो चर्चेत टाकला. "ताई, ही काय ढळढळीत दिसतीय! चष्मा लावा."

"सकाळी नव्हती हो," राजनंदिनीनं लिहिलं. "असेल, माझंच चुकलं असेल."

गुफराननं ते वाचलं. संवाद विसरलेल्या नटाला विंगेतून कुणीतरी ओळ देतं. याला कोण देणार? तो जिना उतरून खाली आला.

"कावून बे, तोंड पाडलंस?" फकीरभाईंनी विचारलं.

"अब्बा, एका बाईला चारचौघांत खोटं पाडलं. ती खरी होती."

"मग माफी माग."

"फोन करून सांगतो तिला."

"फोनवर खोटं पाडलं व्हतं का बे?"

गुफराननं वर जाऊन त्याच चर्चेत सगळ्यांपुढं लिहिलं, "नोंद मीच काढली होती आणि आज गुपचूप मीच परत ठेवली. ताई खऱ्या आहेत, खोटा मी." पाठवताना बोट अडलं, पण पाठवलं. या वेळी एकही हसरा चेहरा उमटला नाही.

संध्याकाळी राजनंदिनीचं उत्तर आलं. "सांगितलंत, लई बरं केलंत. मी स्वतःलाच येडी समजायला लागले होते. आता 'कंस जुळवणे' बी न्हाई तिथं. तेबी तुमीच काढलंत का?"

गुफराननं डोळे मिटले. मग लिहिलं, "होय. तेही मीच," आणि जुनी सूची शेजारी उघडून उडवलेला एकेक शब्द परत घालायला बसला.