चारातलं एक बटण

पनवेल तालुक्यात गेल्या चाळीस वर्षांत जे जे नवीन आलं, त्यातल्या एकाही गोष्टीने माझ्या बायकोच्या मामांची परवानगी घेतली नाही, आणि हा अपमान मामा अजून विसरलेले नाहीत. कामोठे गावातल्या त्यांच्या घराभोवती सेक्टर उभे राहिले, ट्यूशन क्लासच्या पाट्या लागल्या, रिक्षांचा स्टँड आला. मामा मात्र ओटीवरच्या खुर्चीत बसून या सगळ्याकडे शेजाऱ्याची कोंबडी आपल्या अंगणात शिरावी तसे बघत राहिले. सुनेने पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, तेव्हा ते बसवणाऱ्या माणसाला त्यांनी अर्धा तास समोर उभं केलं. पाण्यातून जे काढून घेतलं जातं ते जातं कुठे, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. तो बिचारा कचरा, कचरा म्हणत राहिला, आणि मामा अजूनही हंड्यातलंच पाणी पितात. डॉक्टरने गोळी बदलली की ते आधी कंपाउंडरला बाजूला घेऊन विचारतात, डॉक्टर स्वतःच्या बापाला हीच देतो का. विमानतळावरून पहिलं विमान उडालं त्या दिवशी सगळी आळी मोबाईल उंच धरून गच्चीवर उभी होती, आणि मामा वाळत घातलेले बोंबील घाईघाईने आत नेत होते. वरून काय पडेल याचा भरवसा कुणी द्यायचा?

राजकारणात तर विचारूच नका. निवडणुकीचा जाहीरनामा हातात आला की मामा तो शेवटून वाचतात, कारण सगळ्यात खाली छापखान्याचं नाव असतं आणि त्यांच्या मते तेवढी एकच ओळ खोटी लिहिता येत नाही. 'बदल' हा शब्द दिसला की कागद घडी करून खिडकीच्या फटीत जातो. आहे ते सांभाळू, रीत मोडणार नाही, असं म्हणणाऱ्यालाच त्यांचं मत. मी पडलो बँकेच्या युनियनमधला माणूस, तीस वर्षं सभांतून परिवर्तनावर घसा फोडलेला. तेव्हा दर रविवारी त्यांच्याकडे माशाचं कालवण आणि आमचं भांडण हे ठरलेलं. मी आकडे सांगायचो, जग कुठे चाललंय ते सांगायचो. मामा काटे काढत शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "जावईबापू, तुमी बोलता लय चांगलं. मना त्याचीच भीती वाटते."

म्हातारा हटवादी आहे, झालं, असं मी धरून चाललो होतो. मग महापालिकेची निवडणूक लागली आणि मामांचीच नात दर्शना उभी राहिली, तीही बदलवाल्यांकडून. पोरगी वकील, बोलायला फटाकडी. घरात मोठा पेच पडला. आमच्याकडे एका प्रभागात चार जागा, म्हणजे मतदाराने चार बटणं दाबायची. मामांच्या मुलाने मधला मार्ग काढला: तीन बटणं दाबा तुमच्या जुन्या माणसांची, एक दाबा नातीचं. कुणाला कळणार आहे? मामा म्हणाले, मना कळंल ना.

दर्शनाला बाकी कुणाच्या मताची एवढी पडली नव्हती. आजोबांचं मत मात्र तिला हवं होतं, आणि ते ती उघड मागत होती. प्रचाराचा शेवटचा रविवार होता, जेवणं व्हायची होती. ती ओटीवर त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आजोबा, नका देऊ मत. पण का नाही, ते तरी सांगा. मी तुमची कोण परकी आहे का?"

तेव्हा मामांनी जे सांगितलं ते माझ्या बायकोनेही कधी ऐकलेलं नव्हतं. इथे सेक्टर यायच्या आधी सगळी भातशेती होती आणि खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध होता. गावातल्या प्रत्येक घराच्या वाट्याला त्या बांधाचा एक तुकडा. दिवाळी झाली की ठरल्या दिवशी घरटी एक माणूस फावडं घेऊन जायचा आणि आपापला तुकडा लिंपायचा; जो येणार नाही त्याच्याशी वर्षभर गाव बोलायचं नाही. मामा तेव्हा बावीस वर्षांचे, आळीतले पहिले मॅट्रिक. गावाच्या बैठकीत उभं राहून त्यांनी भाषण ठोकलं. बांधासाठी सरकारात खातं आहे, साहेब आहेत, मग आपण फुकट का खपायचं? ही वेठबिगारी बंद करा! म्हातारे एकमेकांकडे बघत बसले, पण शिकलेल्या पोराला उलट काय बोलणार? त्या वर्षी फावडी उचललीच नाहीत कुणी. खात्याचा साहेब काही आला नाही. पुढच्या पावसाळ्यातल्या उधाणाला बांध फुटला आणि अख्ख्या गावाच्या शेतात खाडी घुसली. तीन वर्षं भाताचा दाणा नाही. मामांचे वडील, स्वतःची शेती असलेला माणूस, दुसऱ्याच्या मिठागरात डोक्यावर मीठ वाहायला गेले.

"बापूस मना एका शब्दानं बोलला नाय," मामा म्हणाले. "बोलला असता तं बरं झालं असतं. तवापासून चांगला बोलनारा मानूस दिसला का मना त्याच्यात मीच दिसतो. तुज्यात पन मीच दिसतो, पोरी. माजा तुज्यावर संशय नाय. माजा माज्यावर हाय."

दर्शनाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. खरं सांगतो, तीस वर्षांच्या माझ्या भाषणांची मला त्या दिवशी लाज वाटली. माझ्या एकाही भाषणाने कुणाचं शेत बुडालं नव्हतं, म्हणून तर मी इतकं मोकळेपणाने बोलत आलो होतो.

आता माझंही सांगून टाकतो. दर्शनाच्या जाहीरनाम्यात फुटपाथ मोकळे करण्याचं वचन होतं, आणि त्याच प्रभागातल्या आमच्या सोसायटीबाहेरच्या फुटपाथवर सहा वर्षं माझी गाडी उभी असते. जुन्या नगरसेवकाने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मतदानाच्या दिवशी मी चार बटणं दाबली आणि त्यात दर्शनाचं नव्हतं. बदल हवा होता हो मला, अगदी मनापासून हवा होता, फक्त माझ्या गाडीपर्यंत येऊन तो जरा वळायला हवा होता.

निकाल लागला आणि दर्शना पडली. संध्याकाळी सगळे मामांच्या ओटीवर जमले. चुलते, आत्या, भाचे, जो येईल तो तिच्या पाठीवरून हात फिरवून सांगत होता, आमच्या घरची सगळी मतं तुलाच. मीही सांगितलं. दर्शना मान हलवत होती, डोळे कोरडे. मग कोपऱ्यातून मामा म्हणाले, "मी नाय दिलं." पोरगी उठली, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून इतकी रडली की सून पाणी घेऊन धावली. "दिवसभरात मला खरं बोलणारे तुम्ही एकटेच, आजोबा," एवढं ती म्हणाली.

जरा शांत झाल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवत मामांनी जमलेल्या मंडळींवर नजर टाकली. एकेका चेहऱ्यावर ती थांबत होती, माशाचा ताजेपणा कल्ला उचलून बघावा तशी. माझ्यापाशी आली तेव्हा मी खाली बघितलं. मामा नातीला म्हणाले, "रडू नको. जावईबापूंचं मत तरी नक्की तुजं व्हतं. किती वर्षं भांडतायत ते माज्याशी."

त्यानंतर दोन-तीन रविवारी मी ठरवून गेलो, की आज सांगून टाकायचं. दर वेळी मामा मला हाक मारून शेजारी बसवतात आणि सुनेला सांगतात, मोठी तुकडी जावईबापूंच्या ताटात वाढ. मी मुकाट जेवतो आणि घरी येतो. ज्या माणसाने पाण्यावर, डॉक्टरवर, आभाळावर आणि स्वतःवरसुद्धा संशय घेतला, त्याने माझ्यावरही थोडा घ्यायला हवा होता.